तोंड फाटकाकडे

"घोडा आणि इंजिन, दोन्ही पळायचे थांबले की मेले समजायचे!" सुदामा नगरातल्या भावजयीच्या पोर्चमध्ये उभं राहून जयसिंगरावांनी जाहीर केलं. होळकरांच्या घोडदळातल्या पणजोबांचा वारसा त्यांच्या मिशांत उतरला होता. त्यांचा स्वतःचा घोड्याशी संबंध एकदाच आला, वरातीत. आणि तेव्हाही घोडीनं त्यांना बँडवाल्यांच्या हवाली करून एकटीनंच घर गाठलं होतं.

दसऱ्याचं सोनं द्यायला आलेले जयसिंगराव सोबत बेटम्याच्या दौलतरावांना घेऊन आले होते. दौलतराव जुन्या गाड्या घेत आणि विकत. पोर्चमध्ये जयसिंगरावांच्या दिवंगत धाकट्या भावाची, वासुदेवरावांची, पांढरी गाडी उभी होती, तोंड फाटकाकडे. घराण्याचा नियमच होता तसा. जनावर बाहेर तोंड करून बांधावं, कूच कधी करावं लागेल सांगता येत नाही. वासुदेवराव गेल्यापासून मात्र कूच झालेलं नव्हतं.

"भाऊजी, गाडी विकायचीय असं मी कधी म्हटलं?" शैलजाबाईंनी विचारलं.

"अगं, चालवणार कोण? आत्तापर्यंत इंजिन जाम झालं असेल. चालू झाली तर ठेव बापडी, मी परत नाव काढणार नाही."

"दौलतरावजींसमोर बोललात हं."

"जयसिंगरावाचा शब्द आहे!"

शैलजाबाई कॉलेजच्या ऑफिसातून निवृत्त झालेल्या. नवरा होता तोवर मनात आलं की रात्री गाडीनं सराफ्यातली खाऊगल्ली गाठायच्या. नंतर सगळा कारभार दुसऱ्यांच्या सवडीवर आला. ज्यांना सवड असे त्यांना गाडी चालवता येत नसे, आणि ज्यांना गाडी येई ते फोनवरच "काकू, संडेला पक्का" म्हणत. असे पुष्कळ संडे पक्के झाले होते. ही गाडी गेली तर उरलेले संडेही तसेच पक्के होणार होते.

दौलतरावांनी बॉनेट उघडलं. "भाभीजी, ऑइल कधी चेंज केलं होतं?"

"चेंज कशाला?" जयसिंगरावच बोलले. "पुस्तकात दहा हजार किलोमीटर लिहिलंय. ही तर फाटकाबाहेर नाही गेली. या हिशेबानं तेल माझ्या पणतवाच्या लग्नात बदलायचं!"

"भाऊजी, गेल्या दिवाळीचं तेल डब्यात पडून राहिलंय. काहीच तळलं नाही त्यात. यंदा तुमच्या चकल्या त्यातच तळू?"

"छे छे! खवट झालं असेल ते."

"पण कढईत तर गेलंच नाही ना?"

जयसिंगरावांचा हात मिशीवर गेला आणि तिथंच राहिला. चकली हा त्यांचा नाजूक विषय होता.

तेवढ्यात दौलतरावांनी तेल तपासायची पट्टी बाहेर काढली, पुसली, पुन्हा बुडवून उन्हात धरली. टोकाला मधाच्या रंगाचा थेंब लोंबत होता. "अरे भिया! इतकं साफ तर माझ्या घरचं तळणाचं तेल नसतं."

"दर दसऱ्याच्या आधी मिस्त्रीला घरी बोलावते," शैलजाबाई म्हणाल्या. "गाडी चालो न चालो, वर्षातून एकदा तेल बदलायचंच. ह्यांची शस्त्रपूजा म्हणजे तीच."

त्या आत गेल्या. देवघरात पणजोबांच्या तलवारीशेजारी किल्ली ठेवली होती, हळदकुंकू लावून. दौलतरावांनी किल्लीसाठी हात पुढे केला. शैलजाबाईंनी त्यावर आपट्याचं पान ठेवलं आणि स्वतःच गाडीत जाऊन बसल्या.

"अगं अगं, तू कुठं?" जयसिंगराव ओरडले.

इंजिन पहिल्याच फटक्यात बोललं. गेल्या महिन्यापासून ड्रायव्हिंगच्या क्लासला जाणाऱ्या शैलजाबाईंनी फाटकातून गाडी अशी काढली की झेंडूचं तोरणसुद्धा हललं नाही. मंदिराच्या चौकाला वळसा पडला. हॉर्न वाजला. शेजारणी जिन्यात आल्या. कुणीतरी "काकू, छा गए!" म्हणून टाळ्या वाजवल्या. त्या परतल्या तेव्हा शेजारच्या सीटवर गरम जिलबीचा पुडा होता आणि ओढणी पार वाऱ्यानं उडालेली.

"दादा, ही काही मिळत नाही आपल्याला," दौलतराव म्हणाले आणि जिलबीकडे वळले.

शैलजाबाईंनी गाडी फाटकाच्या जरा पुढे थांबवली होती. त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"भाऊजी, जनावर बाहेर तोंड करूनच बांधायचं ना?"

"अर्थात!" जयसिंगरावांनी छाती काढली. "घराण्याचा नियम आहे."

"मग जरा पुढून धक्का द्या ना. रिव्हर्सचा धडा क्लासमध्ये पुढच्या हप्त्यात आहे."