हिरव्या पाण्यातल्या अक्षता

चातुर्मासात मी अंघोळीपासून दुपारच्या नैवेद्यापर्यंत मौन धरते. यंदाचं नववं वर्ष. सोसायटीत या मौनाचं बरंच कौतुक होतं आणि मला ते आवडतं, हेही लिहून टाकते.

गाडीचं इंजिन तापायला लागलं म्हणून आमच्या ह्यांनी ती बाळकुमच्या दामाजीकडे नेली. दामाजी इथल्या जुन्या कोळीवाड्यातला. आमच्या इमारती उभ्या राहायच्या आधीपासून त्याचं गॅरेज आहे. त्याने रेडिएटरमधलं गंजकं पाणी सोडून दिलं, आतून तीनदा साधं पाणी खेळवलं. तिसऱ्यांदा ते नितळ निघालं, तेव्हा कुठे इंजिन गार ठेवणारं नवं हिरवं कूलंट भरलं आणि बजावलं, आता वरून साधं पाणी घालू नका. ह्यांनी मला हे सांगितलंच नव्हतं असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पण सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी हे बॉनेट उघडून, कूलंटच्या बाटलीचं झाकण काढून शेजाऱ्यांना ते हिरवं पाणी दाखवत होते. शेजारी गेले, ह्यांना फोन आला आणि बोलत बोलत हे गेटपर्यंत गेले. मी कलशातलं पाणी तुळशीला घालायला खाली उतरलेले. बाटलीत वरच्या रेघेपर्यंत दोन बोटं जागा दिसली. मनात म्हटलं, साधं पाणी नको ना, हे कुठे साधं आहे? हळद, कुंकू, अक्षता, सगळ्यासकट ओतलं. ह्यांनी परत येऊन न बघताच झाकण लावलं. दिवसभर मला फार प्रसन्न वाटत होतं.

रविवारी डोंबिवलीला सुमतीवन्संकडे निघालो आणि शीळफाट्याच्या अलीकडेच तापमानाचा काटा लाल रेघेला टेकला. बॉनेटमधून वाफा यायला लागल्या. गाडी ओढून परत आणावी लागली.

सोमवारी गॅरेजातून परस्पर शंकराच्या देवळात जायचं म्हणून मीही ह्यांच्याबरोबर गेले. तिथे चार गिऱ्हाइकं बसलेली. त्यांच्यासमोरच ह्यांनी दामाजीला झाडायला सुरुवात केली. आतून साफ केलंच नाही, नुसतं रंगीत पाणी भरलं, असं बरंच काही. तो म्हणत होता, साहेब, तुमच्यासमोरच भरलं ना? पण हे ऐकून घेईनात. शेवटी त्याने खाली घमेलं ठेवून बाटलीचा पाईप सोडवला. आधी काहीच येईना. तारेने ढोसल्यावर मातकट पाणी आलं आणि त्यातून फुगलेले तांदूळ. काहींना अजून कुंकवाचा रंग होता.

हे तेव्हा गिऱ्हाइकांना शीळफाट्याची हकिगत सांगत होते. दामाजीने दोन दाणे बोटावर घेतले, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि घमेलं दोन्ही हातांनी उचलून आत नेलं. पाय लागू दिला नाही.

"पाईपात कचरा राहिला असंल साहेब," बाहेर येऊन तो म्हणाला. "चुकलं माझं. परत करून देतो."

"बघा," हे त्या चौघांना म्हणाले, "आता कबूल करतोय."

चौघांतला एक उठला, आपल्या गाडीची किल्ली परत मागून घेतली आणि निघून गेला.

माझं मौन आहे, असं मी मनाशी म्हटलं. पण माझ्या पिशवीत वही आणि पेन असतं. त्याच सकाळी भाजीवाल्याला मी 'भेंडी पाव किलो, कोवळी' असं लिहून दिलं होतं. भेंडीसाठी माझ्या व्रतात वाट होती. पिशवीवर हात ठेवून मी तासभर बसून राहिले आणि दामाजी पुन्हा पाणी सोडत राहिला, पुन्हा भरत राहिला.

दुपारी नैवेद्य दाखवून ह्यांना सगळं सांगितलं. ह्यांनी ताट पुढे ओढलं. मग म्हणाले, झालं ते झालं, तोच चूक माझी म्हणाला ना? पण ह्यांचाही चेहरा उतरला होता. जेवण दोघांनाही गेलं नाही.

मंगळवारी सकाळी दहाला मी एकटी गॅरेजात गेले. मला बघून दामाजी चाकापासून उठला. "काय वहिनी, परत तापली का?"

वहीकडे हात गेला. पण लिहिलं असतं तर एकट्या दामाजीनेच वाचलं असतं आणि त्याला ते ठाऊकच होतं. बाकावर तिघं बसलेले.

"तांदूळ माझे होते," मी म्हटलं. आवाज घोगरा आला. "ते पाणी मी ओतलं. दामाजींचं काम चोख होतं."

तिघांनी मोबाइलमधून माना वर केल्या. दामाजीने फडक्याला हात पुसले.

"कळलेलं मला," तो हळूच म्हणाला. "घरी तुम्हाला बोलणी बसतील म्हणून गप बसलो. पण वहिनी, काल जो गेला ना, तो कुठे आहे आज ऐकायला?"

मी त्याचा पत्ता विचारला. खोपटला, एसटी डेपोच्या मागे, दर्शन नाव. दामाजी राहू द्या म्हणाला, तरी मी रिक्षाला हात केला. रिक्षात बसल्यावर नेहमीप्रमाणे जप सुरू करायला गेले, तर ओठांवर नाम येईना. त्या अनोळखी माणसाच्या दारात उभं राहून पहिलं वाक्य काय बोलायचं, तेवढंच जुळवत राहिले.