बार्नमधलं धुराडं

पत्र्याला पाडलेल्या भोकातून कमलाकरांनी पाइपचा वरचा तुकडा बाहेर सरकवला, तशी खालून नीना तिच्या इंग्लंडात वाढलेल्या मराठीत ओरडली,

"बाबा, उतरा तुम्ही! तो शिडी हलतोय!"

"हलू दे. तू खालून पाइप धर."

केंब्रिजच्या बाहेर, शेतांच्या कडेला नीनाने हा बार्न भाड्याने घेतला होता. जमिनीत रोवलेले लाकडी खांब, वर पत्रा, बाजूंना फळ्या आणि फळ्यांच्या फटींतून मनसोक्त येणारा वारा. इथे ती जुन्या खुर्च्या दुरुस्त करायची. थंडी पडली की तिची बोटं आखडत, सरसही नीट धरत नसे. म्हणून हा लाकडं जाळायचा स्टोव्ह आणला होता. कमलाकरांची हौस दांडगी. ब्रॅकनेलच्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून लेकीकडे एक खिळा ठोकायचा असला तरी ते एजवेअरच्या आपल्या घरून धावत येत, आणि खिळा ठोकताना तिला तासभर व्याख्यान देत.

आज व्याख्यान नव्हतं. सकाळी घरातून निघतानाच सांगलीहून पुतण्याचा, अजयचा, मेसेज आला होता. 'काका, बाबा पहाटे गेले. तुम्ही येणार असाल तर थांबतो. कळवा.' कमलाकरांनी तो वाचला, फोन खिशात टाकला आणि ठरलेली ट्रेन पकडली. लेकीजवळ त्यांनी अवाक्षर काढलं नव्हतं.

थांबतो म्हणे! आई गेली तेव्हा अजयचा बाप, श्रीकांतदादा, थांबला नव्हता. 'निघालोय' असं कळवून कमलाकर विमानात बसले, आणि सांगलीला पोचले तेव्हा घर धुऊन पुसून झालं होतं. आईच्या खोलीत जमिनीवर दिवा तेवढा जळत होता. "किती वेळ ठेवायचं?" एवढंच दादा म्हणाला. दुसऱ्या दिवशी कमलाकर परत फिरले, ते कायमचे. सख्ख्या भावाशी बोलणं तुटलं त्याला आता नऊ वर्षं झाली होती. त्या माणसाला आज थोडी वाट बघावी लागली तर बिघडलं कुठे, असं त्यांच्या मनात आलं, आणि आल्याची लाजही वाटली नाही.

ते पत्र्यावरची रबराची कॉलर पाइपभोवती घट्ट बसवत राहिले. एकेक स्क्रू आवळून झाला की पुन्हा तोच आवळून बघत. खिशात फोन थरथरून थांबला.

"बाबा, फोन घ्या ना."

"काम होऊ दे."

काम झालं. पाइप सरळ दिसतो का ते बघायला कमलाकर बाहेर आले. करड्या आभाळाखाली नवं धुराडं उभं होतं, दृष्ट लागण्यासारखं. फोन पुन्हा थरथरला. आता शिडीचं निमित्त नव्हतं. त्यांनी तो घेतला.

"काका, काय ठरवलंत? घाई नाही, फक्त कळवा."

"वहिनी कशा आहेत?"

"पायाशी बसलीय सकाळपासून. पाणीसुद्धा घेतलं नाही. उठवलं तर उठत नाही."

"आणि बर्फ वगैरे?"

"आणतोय. वितळला की परत आणतोय."

कमलाकरांना ते सगळं दिसलं. फरशीवर पसरलेलं पाणी, त्यात पाय आखडून बसलेली वहिनी, दारात ताटकळलेली माणसं. आईच्या वेळीही असंच कोणीतरी बसलं असेल, आणि दादा हे बघत उभा असेल. इतक्या वर्षांत हे त्यांच्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं.

"थांबू नका, अजय. मी निघालो तरी उद्याची संध्याकाळ होईल. घेऊन जा त्याला."

"नक्की ना, काका? नंतर तुम्हाला वाटायला नको की..."

"नाही वाटणार. झालं की फोन कर मला."

ते आत आले तेव्हा नीनाने स्टोव्हमध्ये बारीक काटक्या रचल्या होत्या. तिने काड्यापेटी पुढे केली.

"सगळं रेडी आहे. पहिला काडी तुम्ही लावा."

"आत्ता नको."

"का? पाइप लीक होतोय?"

"पाइप चांगला आहे." कमलाकरांनी फळीचा आधार घेतला. "नीना, दादा गेला माझा. सांगलीचा तुझा काका."

"कधी?"

"पहाटे."

"आणि तुम्ही सकाळपासून इथे शिडीवर? Why didn't you say?"



"अजून नेलं नाहीये त्याला," ते म्हणाले. "अग्नी देईपर्यंत घरात चूल पेटवत नाहीत आपल्यात."

"बाबा, पण हे घर नाहीये. It's a barn. आणि तुमचा हात बघा किती गार पडलेत."

"असू दे. तिकडचं होईपर्यंत थांबू."

नीनाने काड्यापेटी खिशात टाकली. दुरुस्तीला आलेल्या खुर्च्यांतल्या दोन तिने ओढून आणल्या. दोघं कोट न काढता थंड स्टोव्हसमोर बसली. वारा फटींतून येत होताच, आता नव्या पाइपमधूनही थोडा खाली उतरत होता. इतकी वर्षं दादाचे फोन आले की कमलाकर ते वाजून वाजून थांबू देत. आज मांडीवरच्या फोनवर दोन्ही हात ठेवून ते तो वाजण्याची वाट बघत बसले.