रमाबाईंचा अंबाडा

"पुड्या बंद करून पाहू," मुकुंद डॉक्टर म्हणाले. रमाबाईंना ते ऐकू गेलं नाही. नवऱ्यानं, गिरिधररावांनी, ते इतक्या मोठ्यानं सांगितलं की बाहेर टांग्याचा घोडा दचकला.

"बंद? अन् बोटं आखडली मंग?"

"काकू," डॉक्टरही आवाज चढवून म्हणाले, "कैक महिने सांध्यांना सूज न्हाई. संधिवात निजलाय. पुडीनं आता नुसतं पोट जळून राह्यलंय, कान वाजून राह्यलेत. हळूहळू कमी करू. दुखलं तर परत देतो. मी कुठं निजामाचं राज्य सोडून चाललो?"

रमाबाईंना भीती दुखण्याची नव्हती, अंबाड्याची होती. आजार जोरात होता तेव्हा हात मानेमागं जात नव्हते. घरात दुसरी बाई नाही; शेजारच्या द्वारकाबाईंना सांगणं म्हणजे सगळ्या मस्तगड मोहल्ल्याला सांगणं. मग कचेरीत सुरेख उर्दू लिहिणारे गिरिधरराव दाराला कडी लावून बायकोचा अंबाडा बांधत. तो सरकारी दप्तर बांधल्यासारखा दिसे. "कुणी बांधला गं, शिपायानं?" असं द्वारकाबाईंनी विचारल्यापासून रमाबाई हळदीकुंकवाला गेल्याच नाहीत.

पुड्यांनी हात मोकळे झाले, अंबाडा परत मिळाला. कानात मात्र भुणभुण सुरू झाली आणि गिरिधरराव ओरडून बोलू लागले. द्वारकाबाईंना भिंतीपलीकडून घरबसल्या बातम्या मिळू लागल्या.

पुडी अर्धी झाली, मग दिवसाआड, मग बंद. रोज सकाळी गिरिधरराव चष्मा लावून अंबाड्याकडं बघत बसत. थंडीत बोटं जरा कुरकुरत. पण अंबाडा जागच्या जागी बसे.

एकदा ते नेहमीसारखे ओरडले, "चहा झाला का?"

"हळू. मी काही बहिरी न्हाई."

गिरिधरराव गंभीर झाले. इतकी वर्षं, बायकोला ऐकू जात नाही या भरवशावर, ते भाजीबद्दलचं मत जेवतानाच पुटपुटत आले होते.

पुढच्या आठवड्यात द्वारकाबाई आल्या. "भांडलात का गं? भाऊजींचा आवाजच न्हाई."

"न्हाई हो. बराबर आहे सगळं."

द्वारकाबाई चहा न घेताच गेल्या.

रमाबाई केस विंचरायला बसल्या, तर फणी गिरिधररावांच्या हातात होती.

"मी बांधू?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

"हात बराबर चालून राह्यलेत माझे."

"दिसून राह्यलंय की."

ते तसेच फणी घेऊन उभे राहिले. रमाबाई उठल्या, दाराला कडी लावली आणि त्यांच्याकडं पाठ करून बसल्या.