गालावरची लव

माझा धंदा गाडी शिकवण्याचा. शिकणाऱ्याच्या शेजारी बसायचं, पाय आपल्या बाजूच्या जादा ब्रेकवर ठेवायचा आणि त्याचे हात कुठे, नजर कुठे, हे बघत राहायचं. त्यामुळे जीभ जरा तिखट झाली आहे. सासूबाई म्हणतात, तुझ्या शेजारी बसून माणूस गाडी शिको न शिको, देवाचं नाव घ्यायला नक्की शिकतो.

सासरे सुतार. कारखाना बंद केला तरी मनगटातून सुतारकी गेली नव्हती. दुसऱ्याच्या घरी चहाला गेले तरी टेबल हलवून बघणार. अशा माणसाला काचबिंदू निघाला. डोळ्यातला दाब वाढलाय, डॉक्टरबाई म्हणाल्या. दुखत नाही, खुपत नाही, पण नजर कडेकडेने गुपचूप जाते, आणि गेलेली परत येत नाही. आहे ती राखायची तर थेंब, रोज, न चुकता. बरं वाटतंय म्हणून थांबवायचे नाहीत आणि वाटत नाही म्हणूनही नाहीत.

"आयुष्यभर माझ्यावर डोळे वटारलेत," सासूबाई म्हणाल्या, "दाब वाढणार नाही तर काय होणार?"

"वटारून उपयोग कधी झाला?" सासरे म्हणाले.

थेंब टाकायचं काम सासूबाईंनी घेतलं. दोन बाटल्या होत्या. पिवळ्या झाकणाची सकाळ-संध्याकाळ, पांढऱ्या झाकणाची फक्त संध्याकाळी. दिवे लागले की दोघं त्यांच्या खोलीत जात आणि दार लोटून घेत. आतून सासूबाईंचा आवाज येई, "वर बघा." मग सासऱ्यांचा, "बसला!" हा शब्द कारखान्यातला. कपाटाचा खण न घासता, न डगमगता आत सरकला की ते 'बसला' म्हणायचे. एका खणासाठी अख्खी दुपार रंधा मारत राहतील, पण तो नीट बसल्याशिवाय तोंडातून तो शब्द काढणार नाहीत, अशी त्यांची ख्याती.

बाटल्या वेळच्या वेळी संपत. मी वेळच्या वेळी नवीन आणत असे. आणि तरीही दर तपासणीला दाब वाढलेलाच. औषध बदलून झालं. शेवटी डॉक्टरबाईंनी ऑपरेशनचा विषय काढला, तेव्हा सासूबाईंचा चेहरा उतरला.

"मी तर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवते हो यांच्यावर," त्या म्हणाल्या.

"तेल नको, आजी. औषधच घाला," डॉक्टरबाई हसल्या. मग सासऱ्यांकडे वळल्या. "थेंब टाकल्यावर घशात कडू लागतं का कधी?"

"छे! कधीच नाही," सासरे म्हणाले. त्यांना वाटलं, हे चांगलंच आहे.

डॉक्टरबाई हसायच्या थांबल्या. त्यांनी दिवा जवळ ओढला, पण डोळ्यावर नाही, गालावर धरला. डाव्या डोळ्याच्या खाली, गालाच्या हाडावर, कातडी काळसर झाली होती आणि तिच्यावर बारीक, काळी लव उगवली होती. मी रोज त्या माणसासमोर बसून जेवते. मला वाटलं होतं, दाढी नीट होत नाही.

"पांढऱ्या झाकणाच्या औषधाने पापण्या लांब होतात," त्या म्हणाल्या. "तुमच्या पापण्या आहेत तशाच आहेत. हे केस गालावर कसे आले? आजी, आत्ता एक थेंब टाकून दाखवा बरं, रोज टाकता तसा." साध्या पाण्याच्या थेंबांची बाटली त्यांनी पुढे केली.

सासूबाईंनी हात धुतले. सासऱ्यांनी मान मागे टाकली. बाटली डोळ्यावर आली आणि सासूबाईंचा हात थरथरायला लागला. तो थरथरतो हे आम्हाला माहीत होतं. त्यापायीच सुई गेली होती, विळी गेली होती, गरम चहाचा कप मीच त्यांच्या हातातून काढून घ्यायची. पण डोळ्यावर बाटली धरलेला तो हात मी पहिल्यांदाच पाहत होते. थेंब सुटला आणि गालाच्या हाडावर पडला.

"बसला!" सासरे म्हणाले आणि बाहीने गाल पुसला. इतक्या सराईतपणे, की हे रोजचं आहे हे आंधळ्यालाही कळलं असतं.

सासूबाईंना दिसलं. एरवी त्या थेंब सुटताना स्वतःच डोळे मिटून घेत, इतकी त्यांना धास्ती. आज डॉक्टरबाई बघत होत्या म्हणून त्यांनी डोळे उघडे ठेवले होते.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"अगं, कधी कधी जातो की आत. उजव्यात तर बऱ्याचदा."

"मी विचारलं, कधीपासून?"

सासरे बाहीचं बटण चाचपू लागले.

डॉक्टरबाईंनी त्या दोघांच्या मधे नाक खुपसलं नाही. त्यांनी काय करायचं ते दाखवलं. खुर्चीत नाही, पलंगावर आडवं पडायचं. खालची पापणी बोटाने ओढून तिची खोबण करायची. बाटली धरलेल्या हाताचं मनगट कपाळावर टेकवायचं, म्हणजे हात हलला तरी कपाळाच्या आधाराने हलेल. बाटलीचं टोक डोळ्याला, पापणीला लागू द्यायचं नाही, नाहीतर बाटलीत घाण जाते. थेंब एकच. बाहेर पडला असं नक्की कळलं तरच दुसरा. मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं बोटाने हलका दाबून धरायचा, नाहीतर औषध नाकावाटे घशात उतरतं, रक्तात जातं. "पिवळ्या झाकणाच्या औषधाने काहींना धाप लागते, छातीचे ठोके मंदावतात. तसं काही वाटलं तर लगेच सांगायचं," त्या म्हणाल्या. दुसरी बाटली पाच मिनिटांनी, पहिला थेंब मुरल्यावर. ऑपरेशनचं त्या आत्ता काही ठरवणार नव्हत्या. आधी औषध खरंच डोळ्यात जाऊ दे, मग बघू.

परतताना सासूबाई गाडीत मागे बसल्या. घरी आल्यावर दोन्ही बाटल्या माझ्या हातात ठेवल्या. "तू टाक. माझ्याकडून नको."

मी टाकू लागले. माझा हात स्थिर, नेम पक्का. थेंब बरोबर खोबणीत. पण माझी बाटली दिसली की सासरे लहान मुलासारखे डोळे घट्ट मिटून घेत. रोज मी ओरडायची, रोज ते 'हो हो' म्हणायचे आणि रोज तेच. तिकडे स्वयंपाकघरात सासूबाई पुसलेला ओटा पुन्हा पुसत असत. एका संध्याकाळी ते हळूच म्हणाले, "सूनबाई, तिलाच टाकायला सांग ना."

"मी का सांगू? तुम्ही सांगा. खोटं बोलताना मला विचारलं होतं?"

लागलं त्यांना ते. ते लागावं असंच मला वाटत होतं, कारण मला रडू येत होतं आणि रडण्यापेक्षा चिडणं मला सोपं जातं. मी स्वयंपाकघरात गेले, सासूबाईंच्या हातातलं फडकं घेतलं आणि त्यांना खोलीत आणून उभं केलं. "आता तुम्ही दोघं काय ते बोला," असं म्हणून मी निघाले, तर सासूबाईंनी माझं मनगट धरलं. साक्षीदार हवा होता त्यांना.

"आंधळे झाला असतात," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "माझ्या हातून आंधळे झाला असतात आणि मला कळलंही नसतं."

सासरे पलंगावर बसले होते. ते स्वतःच्या हातांकडे बघत होते. "सगळे तुझ्या हातातून एकेक काढून घेत होते. सुई घेतली, विळी घेतली, कप घेतला. थेंब टाकताना तू परत पहिल्यासारखी व्हायचीस. हुकूम सोडायचीस, वर बघा, हलू नका. ते माझ्याच्याने काढून घेववेना."

"म्हणून डोळा दिलात?"

"एवढं जाईल असं वाटलं नव्हतं गं."

कप काढून घेणारी मीच, तिथेच उभी होते.

सासूबाईंनी माझं मनगट सोडलं. "माझे हात कापतात, त्याची मला लाज नाही," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही मला खूश ठेवायला खोटं बोलत होतात, त्याची वाटते. आडवे व्हा."

सासरे आडवे झाले. सासूबाईंनी हात धुवून आणले, मनगट त्यांच्या कपाळावर टेकवलं, पापणी ओढली. या वेळी त्यांनी डोळे सताड उघडे ठेवले होते. थेंब पापणीच्या केसांवर पडून कानाकडे ओघळला.

"बोला," सासूबाई म्हणाल्या.

सासऱ्यांनी कानाजवळचा ओघळ बोटाने पुसला. जन्मभर बायकोच्या कामाला कधी नाव ठेवलं नव्हतं त्या माणसाने. "चुकला," ते म्हणाले.

"पुन्हा."

दुसरा डोळ्यात गेला. माझी बाटली बघून घट्ट मिटणारे सासऱ्यांचे डोळे सासूबाईंसमोर उघडेच राहिले होते. सासूबाईंनी नाकाजवळचा कोपरा बोटाने दाबून धरला. हाडावर टेकलेलं ते बोट जवळजवळ कापत नव्हतं. उजव्या डोळ्याचं झालं, पाच मिनिटांनी दुसऱ्या बाटलीचंही झालं. मी मधेच काही सांगायला तोंड उघडलं, तर सासूबाईंनी मला गप्प बसायची खूण केली. पहिल्यासारखीच.

पुढच्या तपासणीत दाब उतरला होता. ऑपरेशन लांबणीवर पडलं. पण डावीकडची गेलेली नजर गेलीच होती. डॉक्टरबाईंनी नजरेच्या तपासणीच्या कागदावर काळा डाग दाखवला आणि म्हणाल्या, या बाजूचं आता यांना दिसणार नाही.

त्या संध्याकाळी मी नवीन बाटल्या ठेवायला खोलीत गेले तेव्हा सासरे आडवे होते, डोळे मिटून, नाकाजवळचे कोपरे स्वतःच्या बोटांनी दाबून, मिनिटं भरायची वाट बघत. सासूबाई त्यांच्या डाव्या बाजूची, लग्न झाल्यापासूनची आपली उशी उचलून पलंगाला वळसा घालत होत्या. उजव्या बाजूला उशी ठेवून त्या टेकल्या आणि त्यांनी सासऱ्यांची डोळ्यांवरची बोटं हळूच काढली.

"उघडा," त्या म्हणाल्या. "दिसते का?"

"दिसतेस," सासरे म्हणाले.