सातवं नाव

“भरमू, तू वाच रं... पानं मी कापती.” — पत्र्याचा तुकडा हातात घेतला मात्र, आणि आक्काचा चौदा वर्षांचा आवाज कानात उभा राहिला. तळहाताएवढाही नाही तो तुकडा. तेंदूच्या पानावर ठेवायचा, भोवतीनं कात्री फिरवायची, की बिडीच्या मापाचं पान निघतं. कडा झिजून गुळगुळीत झालेल्या... आक्काच्या अंगठ्यानं. आणि आपण तिच्या कात्रीच्या चालीवर पाढे, कविता, मग कायद्याची कलमं पाठ करत गेलो.

महिन्याभरापूर्वी हायकोर्टातून निवृत्त झालेले न्यायमूर्ती भरमाप्पा निपाणीत, थोरल्या बहिणीच्या, नागूआक्काच्या उंबऱ्यावर बसले होते. निरोपसमारंभात वकील म्हणाले होते — साहेबांपुढं कधी कुणाची ओळख चालली नाही. टाळ्या वाजल्या, आणि त्या टाळ्यांच्या आत, खोल, एक यादी उघडली...

निपाणीच्या दोनशे बायका. बिड्या वळता वळता म्हाताऱ्या झालेल्या. कारखान्यानं आपल्याला कामगार म्हणावं, एवढंच त्यांचं मागणं. त्यांचा वकील एकेकीची हकीकत सांगत होता, मागच्या बाकांवरून तंबाखूचा ओळखीचा वास येत होता. पहिली झाली, दुसरी झाली... सहावी संपत आली. सातवं नाव नागुबाईचं... आक्काचं. आणि न्यायासनावरून भरमाप्पा म्हणाले होते, “हे प्रकरण दुसऱ्या बेंचपुढं ठेवा.” कारण सांगायची सक्ती नसते. त्यांनी सांगितलं नाही. पुढं नऊ वर्षं गेली. बायका जिंकल्या, तेव्हा निम्म्या उरल्या नव्हत्या.

“च्या गार होतोय, जजसाहेब,” आक्का म्हणाली आणि खोकली. तो खोकला बराच वेळ थांबला नाही.

शेजारची मालुबाई दारातच टेकली होती. “काय ओ साहेब, आमच्या अंगाला तंबाकूचा वास आला म्हणून फाईल ढकललासा व्हय?” ती हसत म्हणाली.

“गप गं मालू!” आक्का उसळली. “किती डाव सांगू? सख्ख्या भनीचं नाव असलं की जजाला केस चालवता येत न्हाय. नियम हाय तसा. माझा भरमू नियम सोडायचा न्हाय.”

नऊ वर्षं ती गल्लीला हेच सांगत आली होती. कुणा वकिलाला विचारून, पाठ करून. आपण न लिहिलेलं कारण तिनं आपल्यासाठी लिहिलं... आणि किती सुंदर लिहिलं! एकही चूक नाही त्यात. नुसती मान हलवली की झालं. इतरांच्या निकालांत आयुष्यभर कारणं शोधली, आणि आपल्या एका ओळीचं कारण मात्र या बाईच्या पदराआड — पत्रा तळहातात रुतला. मालुबाई उठून गेली. आक्कानं कात्री हातात घेतली.

“आक्का,” ते म्हणाले. चाळीस वर्षांत न वापरलेली बोली जिभेवर जड झाली होती. “नियम हाय, खरं हाय. पर त्यो मला मागनं आठवला. आदी... तुझी लाज वाटली.”