कुंड्यांच्या गाडीचे दिवे

तिच्या गाडीला मागची सीट नव्हती. तिथं ओल्या मातीच्या कुंड्या खेटून बसत. गुलाब, पुदिना, लिंबाची पोरसवदा रोपं. दिवस कलला की ही हिरवी वरात घेऊन ती संध्याकाळच्या बाजाराला निघे.

दिव्यांच्या काचांवर मात्र साय धरली होती. पुढचं काही धड दिसेना, म्हणून तिनं ठेल्यावरून पांढरेलख्ख बल्ब आणले आणि स्वतःच बसवले. कालव्याकाठच्या रस्त्यावर खड्डा न् खड्डा असा उजळला, की ती गाऊच लागली. समोरचे हॉर्न वाजवत होते. तिला वाटलं, कौतुक चाललंय!

तेवढ्यात समोरून एक स्कूटर आली, डुगडुगली आणि सरळ वाळूच्या ढिगात शिरली. वाळू झटकत उठली ती तिची थोरली जाऊ.

"अगं बये, दिवे लावलेस की दोन सूर्य बांधून आणलेस?"

"ताई, लागलं का हो?"

"वाळूला विचार. माझ्या वजनानं तीच कळवळली!"

घरी हा किस्सा ऐकून सगळे हसले. नवरा तेवढा हसला नाही. "आज वाळू होती, उद्या कालवा असेल. दिवेलागणीनंतर गाडी काढायची नाही."

तो रागावला असता तर तिनं चार शब्द सुनावले असते. तो घाबरला होता. पण रोपं घेतात ती कामावरून परतणारी माणसं. संध्याकाळ गेली की तिचा बाजार गेला, आणि बाजार म्हणजे तिचा जीव की प्राण.

"दिवे नीट करते," ती म्हणाली. "ताईंनी हो म्हटलं, तरच गाडी काढीन."

गॅरेजवाल्या काकांनी बल्ब पाहून कपाळाला हात लावला. "पोरी, या दिव्याचं घर साध्या बल्बासाठी घडवलंय. त्यात हा कोंबलास की उजेड वाट फुटेल तिकडे पळणारच." त्यांनी गाडीजोगते बल्ब बसवले, काचांवरची साय घासून काढली, समोरच्या भिंतीवर दिव्याच्या उंचीला खडूची रेघ मारली आणि उजेडाची कड रेघेच्या चार बोटं खाली आणून ठेवली.

संध्याकाळी तिनं कुंड्या भरल्या, घरासमोरच दिवे लावले. गल्लीच्या टोकाला उभ्या जाऊबाईंनी डोळ्यांवर हात घेतला.

"अजून झोंबतंय गं!"

भिंतीवर तर सगळं बरोबर होतं! ती खाली उतरली, गाडीभोवती फिरली आणि थबकली. गाडीचं शेपूट जमिनीला टेकू पाहत होतं, नाक वर. पोटभर जेवून बसलेली मांजरच जणू.

"अहो ताई, आम्ही रिकाम्या गाडीवर दिवे जुळवले! मी रिकामी जाते का कधी बाजाराला?"

दुसऱ्या दिवशी गॅरेजात कुंड्या नेऊन फोडायच्या कशाला, वजनच हवं ना, म्हणून कुंड्यांच्या जागी सगळं घर बसलं. दीर, जाऊबाई, नवरा, सासूबाई.

"मला पुदिन्याच्या जागी बसवा," जाऊबाई म्हणाल्या.

"तुम्ही? तुम्ही तर वडाचं झाड!" दीर म्हणाले.

"हसू नका रे, उजेड हलतोय!" काका भिंतीपाशी ओरडत होते. मग मात्र सगळे श्वास रोखून बसले, काकांनी स्क्रू फिरवला आणि उजेड आज्ञाधारक लेकरासारखा रेघेखाली उतरला. "परतताना गाडी रिकामी असली की उजेड जवळच पडेल हो. तेव्हा हळू हाक."

संध्याकाळ झाली. कालव्याच्या रस्त्यावर ती भरल्या कुंड्यांनिशी एकटीच निघाली. समोरून जाऊबाईंची स्कूटर आली. डुगडुगली नाही. सरळ आली आणि शेजारी थांबली. मागं नवरा बसला होता.

"काय ताई?"

"काय म्हणजे? तुझं तोंड दिसलं मला लांबूनच. कसलं रडवेलं केलं होतंस गं!" आणि भर रस्त्यात जाऊबाईंनी सूर लावला :

"दिव्या रे दिव्या, माझं पाऊल उजळ,
समोरच्या पापणीला लावू नको झळ!"

नवरा स्कूटरवरून उतरला, गाडीचं दार उघडून तिच्या शेजारी बसला.

"तुम्ही कुठं?"

"बाजारात. कुंड्या कोण उतरवणार?"

तिनं गाडी सोडली. पिवळा उजेड मुकाट रस्त्यावरून सरपटत पुढं निघाला, आणि समोरून सायकलींवर येणारी माणसं उघड्या डोळ्यांनी, गप्पा न तोडता, शेजारून निघून गेली.