निकालाआधीचा फ्लेक्स

बोरीच्या फाट्यावर एसटीतून उतरले आणि सगळ्यांत आधी मला मीच दिसले. विजेच्या दोन खांबांना बांधलेला लांबरुंद फ्लेक्स. गॅदरिंगमधला माझा हसरा फोटो कापून कुणाच्या तरी निळ्या कोटावर चिकटवलेला. शेजारी माझ्या दुप्पट मोठे, हात जोडलेले भागवतमामा. खाली लाल अक्षरांत मजकूर: 'कॉम्प्युटर नेटवर्किंगच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेत घवघवीत यश मिळवल्याबद्दल आमची भाची कु. बबिता हिचा भव्य सत्कार. आज सायंकाळी, मारुतीच्या पारासमोर.'

त्या परीक्षेत मी कालच नापास झाले होते.

संभाजीनगरच्या केंद्रात शेवटचं उत्तर दाबलं की कॉम्प्युटर तिथल्या तिथं निकाल सांगतो. मला त्यानं तो सांगितला. मी रात्री मंजुषा नावाच्या मैत्रिणीच्या खोलीवर थांबले, फोन बंद करून ठेवला आणि घरी गेल्यावर तोंडानंच सांगू असं ठरवून निघाले. आता त्या फाट्यावर उभी राहून मला मामांच्या जोडलेल्या हातांवर चिखल फेकावासा वाटत होता.

मामांनी फ्लेक्स निकालाआधीच छापून घेतला याचं आमच्याकडे कुणाला नवल वाटणार नाही. मामांना जिल्हा परिषदेला उभं राहायचं होतं. आचारसंहिता आज लागते की उद्या, असं चाललेलं. ती लागली की असले फ्लेक्स उतरवावे लागतात, मग मामा निकालाची वाट बघत बसतील होय? आणि मी आजवर एकदाही नापास झालेली नव्हते. त्यामुळे मला एका शब्दानं विचारावं, असंही कुणाला वाटलं नाही.

फोन चालू केला तर पहिला फोन त्यांचाच.

"बबे, आलीस का? फोन कामून बंद ठेवतीस गं? फ्लेक्स बघितलास का?"

"बघितला. मामा, जरा ऐका ना..."

"सर्टिफिकेटचा फोटो धाड मला. पेपरवाला बातमी लावायलाय. अन् भुजंगराव त्यांच्या अर्पिताला तुझ्याच क्लासला घालायलेत, उद्याच परभणीला जायलेत नाव घालायला. तू तयार ऱ्हा. फेटेवाला घरी येईल."

फोन कट. मामांना बोलायची लय हौस, ऐकायला मात्र वेळ नसतो.

आमचं घर गावाच्या कडेला. आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, मेंढरं आहेत. आबा सकाळीच कळप घेऊन रानात जातात, कोकरं मागं घराजवळ जाळीच्या कोंडवाड्यात असतात. त्या कोकरांचं पाणी, पाला, औषध हे सगळं माझं काम होतं. मी परभणीच्या क्लासला जायला लागले तेव्हा मायनं ते आपल्या अंगावर घेतलं. घरचं, रानातलं करून वर माझी कोकरं. वर्षभर तिनं मला एक बादली उचलू दिली नाही. पुण्याच्या एका कंपनीनं सांगितलं होतं, दाखला घेऊन या, मग कामावर घेतो. माय त्या दाखल्याकडं डोळे लावून होती.

घरी पोचले तर ती पेटीतलं ठेवणीतलं लुगडं झटकत होती.

"आलीस का माय? बस. पानी पी. आता तू पुन्याला जाशील." ती एवढं हसत होती की मी आधी तांब्याच तोंडाला लावला. "माझी कोकरं माझ्याच गळ्यात ऱ्हानार म्हन की कायमची. ऱ्हाऊ दे. तू सुटलीस."

"माय, मला काय म्हणायचंय..."

"मंग म्हन. आधी जेव."

मी जेवले.

आणि जेवताना माझ्या मनात जे आलं ते असं: गप्प बसावं. बोरीत कोण तपासायला बसलंय? मामांना फोटो पाहिजे, मिळाला. गावाला कार्यक्रम पाहिजे, मिळाला. शाल एकदा अंगावर पडली की विषय संपला. आणि परीक्षाही संपली, कायमची. पास झालेली पोरगी पुन्हा कशाला अभ्यासाला बसेल? तिला क्लासला कोण जाऊ देईल, तिची कोकरं कोण सांभाळेल? पुण्याची कंपनी बोलावत नाही म्हणायचं, चार महिन्यांत लोक विसरतात. खोटं कशाला सांगू, मला हे बरंच वाटलं. पुन्हा त्या खुर्चीत बसायचं, पुन्हा तो पडदा बघायचा, ही कल्पनासुद्धा नको होती.

दुपारी अर्पिता आली. भुजंगरावांची धाकटी, बारावी झालेली. हातात कोरी वही, कानामागं पेन.

"ताई, मला आयएमपी सांगा ना. कोनते प्रश्न येतेत तेवढेच."

आमच्याकडे अभ्यास म्हणजे आयएमपी. दहावीला आयएमपी, बारावीला आयएमपी, डिप्लोमाला आयएमपी. येणारे प्रश्न कुणीतरी काढून देतं, आपण ते घोकायचे आणि पास व्हायचं. याही परीक्षेचा तीनशे प्रश्नांचा संच आमच्या पोरापोरींत फोनवर फिरत होता. मी तो उत्तरांसकट घोकला होता. झोपेत विचारलं असतं तरी 'प्रश्न चाळीस, पर्याय क' असं सांगितलं असतं.

मला तिला घालवून द्यायचं होतं. म्हणून फोन काढून संच तिच्यापुढं टाकला. "घे. हे पाठ कर. झालं."

ती जायला पाहिजे होती. ती तिथंच कोंडवाड्याजवळ बाजेवर बसून वाचायला लागली.

"ताई, इथं नंबर चौसष्ट हायेत म्हनलंय. मंग कॉम्प्युटरला बासष्टच कामून देता येतेत? दोन कुठं गेले?"

"दोन वजा करायचे असतात."

"कामून पन?"

"करायचे असतात म्हणून! पाठ कर म्हटलं ना?"

मी इतक्या जोरात ओरडले की कोकरं दचकली. अर्पिता मात्र रागावली नाही, हीच पंचाईत. खाली मान घालून म्हणाली, "मला न्हाई जमायचं वाटतं. तुमाला पैल्याच दमात जमलं ताई, तुमची गोष्ट येगळी हाय. बाबा तर उद्याच पैसे भरायलेत."

मला कुणी कानाखाली मारली असती तरी चाललं असतं.

मी तिच्याजवळ जाऊन बसले. नेटवर्कमधल्या कॉम्प्युटरांना नंबर द्यायचे ते गटागटानं, एका गटात चौसष्ट; पण त्यातले दोन का वजा करायचे ते मला ठाऊक नव्हतं. वर्षभर मी ते दोन डोळे झाकून वजा करत आले होते. आता ही पोरगी माझ्या तोंडाकडं बघत होती आणि माझ्यासमोर कोंडवाडा सोडून काही नव्हतं.

"हे बघ," मी चाचपडत म्हणाले, "हा कोंडवाडा. आबा याला बारकी म्हणतात. 'बारकीला पाणी दे' म्हटलं की मला कळतं, कुठल्या कोंडवाड्याला ते. आता यातल्या एका कोकराचंच नाव बारकी ठेवलं तर?"

"मंग कळायचं न्हाई, कोंडवाडा म्हनायलेत का कोकरू."

"म्हणून पहिला नंबर कोंडवाड्याचा स्वतःचा. तो कोकराला द्यायचा नाही. एक गेला. आणि आबा संध्याकाळी आरोळी देतात तेव्हा?"

"समदी येतेत."

"ती आरोळी सगळ्यांची असते. ती एकाचं नाव म्हणून ठेवली तर त्या एकाला बोलावलं की सगळा कळप अंगावर. म्हणून शेवटचा नंबर आरोळीचा. तोही कुणाला द्यायचा नाही."

"दोन गेले," अर्पिता म्हणाली. आणि तिच्याबरोबर मीही तोंडातल्या तोंडात म्हणाले, दोन गेले.

मी काडी घेतली आणि मातीत रेघा ओढल्या. चौसष्ट-चौसष्टचे चार कोंडवाडे. पहिला शून्यापासून त्रेसष्टपर्यंत, दुसरा चौसष्टपासून एकशेसत्तावीसपर्यंत. आणि माझा हात तिथंच थांबला. एकशेसत्तावीस. काल पडद्यावर हाच प्रश्न होता: यातला कुठला नंबर कॉम्प्युटरला देता येणार नाही? संचात त्याचं उत्तर त्रेसष्ट होतं. मी चारही पर्यायांत त्रेसष्ट शोधत बसले, सापडला नाही, मग देवाचं नाव घेऊन एक दाबला. एकशेसत्तावीस समोरच होता. दुसऱ्या कोंडवाड्याची आरोळी.

मला रडू आलं नाही, संताप आला. परीक्षेचा नाही, माझाच. एवढं सोपं होतं आणि मी वर्षभर मायला राबवून नुसते पर्याय घोकत बसले! त्या संतापातच मी पुढचं गणित मांडलं. मग त्याच्या पुढचं. आठ कोंडवाडे केले, सोळा केले. एक चुकलं, ते पायानं पुसून पुन्हा मांडलं. अर्पिता कधीच मागं पडली होती, पण मला थांबवेना. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा मला पुढचा प्रश्न पाहिजे होता.

"बबे! फेटेवाला आलाय!" मायनं हाक मारली.

अंगणभर रेघा होत्या. फेटेवाला त्या तुडवत आला.

पारासमोर गाव जमलं होतं. फेटा इतका घट्ट की कपाळ ठणकत होतं. आबा रानातून परस्पर आले होते, घोंगडी खांद्यावर, पहिल्या रांगेत अवघडून बसलेले. शेजारी माय, तिचं ठेवणीतलं लुगडं. मागं भुजंगराव आणि अर्पिता. मामांचं भाषण चालू होतं. मी शाळेत असतानाच त्यांनी माझ्यातले गुण कसे ओळखले, हे मलाही नव्यानं कळत होतं. सरपंच महारुद्रअण्णांनी माझ्या अंगावर शाल घातली, नारळ हातात दिला, टाळ्या झाल्या. अजूनही गप्प बसता येत होतं. नारळ घेऊन नमस्कार करायचा, खाली उतरायचं, एवढंच.

"दोन शबूद बोल," मामांनी माईक दिला.

मी मायकडं बघितलं असतं तर बोलले नसते. म्हणून मारुतीकडं बघितलं.

"मी पास झाले नाही. काल नापास झाले."

माईक शिटी मारून गप्प झाला. मामांनी तो हिसकला. "पोरगी मजाक करायली..."

"मजाक नाही मामा." आता मला माईकची गरज नव्हती. "नापास झाले. पाठ करून गेले होते, समजून नाही. मला पुन्हा बसायचंय."

"आगं मंग आधी कामून न्हाई सांगितलंस?"

"तुम्ही ऐकलंच कुठं?"

मागं कुणीतरी हसलं. मग बरेच हसले. भुजंगराव अर्पिताच्या हाताला धरून उठले आणि चालू लागले. अर्पिता तेवढी जाता जाता मागं वळून बघत होती. मामांचा चेहरा फ्लेक्सवरच्या लाल अक्षरांसारखा झाला होता.

आबा उठले. सावकाश पारावर चढले. त्यांनी आजवर माझ्यावर हात उगारलेला नव्हता, पण आजवर मी त्यांना गावात असं उघडंही पाडलं नव्हतं. त्यांनी माझ्या अंगावरची शाल काढली, नीट घडी केली, वर नारळ ठेवला आणि सरपंचांच्या हातात दिलं.

"तुमच्यापशीच ऱ्हाऊ द्या अण्णा. पास झाली की घेऊन जातो."

मग मामांना म्हणाले, "फाट्यावरचा फ्लेक्स तेवढा मी नेतो. कोकराला सावलीला लागतो."

घरी आलो. दारात माय थांबली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज कोरडा होता.

"गावाला सांगितलंस. मला आधी कामून न्हाई सांगितलंस? तुझी कोकरं मी सांभाळले, मामानं न्हाई."

मी तिचे पाय धरायला वाकले तर ती बाजूला झाली आणि आत गेली. नापास झाल्यावर मी रडले नव्हते, तेव्हा रडले.

सकाळी उठले ती मनाशी धरूनच, की आता कोकरांचं काम माझं. पुन्हा अभ्यासाला वेळ मागायला तोंडच नव्हतं. बादली घ्यायला मागं गेले तर आबा कोंडवाड्यावर फ्लेक्स ताणून बांधत होते. छापील बाजू आत, खालच्या अंगाला. कोंडवाड्याच्या कडेला त्याच सावलीत बाज ओढलेली, तिच्यावर बसून वर पाहिलं की निळ्या कोटातली ती बबिता दात काढून हसताना दिसायची.

"उलटा करू का?" आबांनी विचारलं.

"नको. असू द्या. मला दिसू द्या."

बादली जागेवर नव्हती. माय हौदावरून ती भरून येत होती. तोंड अजून फुगलेलंच. माझ्याकडं न बघता ती कोंडवाड्यात शिरली, कोकरांपुढं पाणी ओतलं आणि अंगणातल्या माझ्या कालच्या रेघांना वळसा घालून पुन्हा हौदाकडं गेली. फेटेवाल्याच्या पायाखालून वाचलेली एकही रेघ तिनं पुसू दिली नव्हती.